टपाल तिकिटाएवढ्या व्हिडिओच्या बाजूने

घरगुती संगणकावर पहिल्यांदा व्हिडिओ दिसू लागला तो काळ आठवला की आमच्या वयाची माणसे हसतात. काय ते टपाल तिकिटाएवढे चित्र, काय तो धक्के खात चालणारा माणूस, ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे! हसून झाले की निकाल ठरलेला असतो. काही म्हणतात, सगळे फुकट गेले, पैशाची आणि सीडीची नासाडी झाली. दुसरे म्हणतात, तसे नाही, ती सुरुवात होती. बाळ तेव्हा रांगत होते, आज धावते आहे. मोबाइलवरचे आजचे चित्र पाहा आणि त्या तिकिटाला माफ करून टाका.

मला हे दोन्ही निकाल मान्य नाहीत. दोघांच्या हातात फूटपट्टी एकच आहे. चित्र किती मोठे आणि किती गुळगुळीत, एवढेच ते मोजतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, संगणक हा माझा विषय नाही. पण एखाद्या साधनाने शिकणाऱ्याच्या पदरात काय टाकले, हे तपासणे माझे रोजचे काम आहे. त्या मापाने मोजले तर हिशेब उलटा निघतो. तो व्हिडिओ लहान होता म्हणून मजकुराच्या शेजारी बसला. महाग होता म्हणून निवडून घ्यावा लागला. वाचणाऱ्याच्या बोटाखाली होता म्हणून थांबवता आला. पुढे तो पडदाभर पसरला तेव्हा वाचणारा प्रेक्षक झाला आणि या तिन्ही गोष्टी हातच्या गेल्या.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचे कारण आहे. तोच पडदाभर व्हिडिओ आता शाळाशाळांतून 'शिक्षण' म्हणून विकला जातो आहे. आपल्या उर्दू शाळांची संचालक मंडळेही तो मोठ्या उत्साहाने विकत घेत आहेत. तीस वर्षांपूर्वी जे घडले ते नीट पाहिले असते, तर हा उत्साह थोडा शुद्धीवर आला असता.

आधी आकडे पाहू. त्या काळच्या संगणकाचा पडदा साधारणपणे ६४० बाय ४८० ठिपक्यांचा होता. खरे रंग दाखवायचे तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात. म्हणजे एका चित्राला सुमारे ९ लाख २० हजार बाइट. दूरचित्रवाणीसारखी हालचाल हवी तर सेकंदाला अशी ३० चित्रे हवीत, म्हणजे सेकंदाला पावणेअठ्ठावीस मेगाबाइटच्या आसपास. सीडीत एकूण जागा ६५० मेगाबाइट. याचा अर्थ, दाबून लहान न केलेला व्हिडिओ अख्ख्या सीडीवर जेमतेम २३-२४ सेकंद मावणार. शिवाय पहिल्या पिढीचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला फक्त १५० किलोबाइट वाचत असे. एका सेकंदाचे चित्र वाचायला त्याला तीन मिनिटे लागली असती.

यातून सुटायला दोन वाटा होत्या. एक वाट म्हणजे माहिती दाबून बसवायची. दुसरी म्हणजे मागणीच कमी करायची. ॲपलने डिसेंबर १९९१ मध्ये क्विकटाइम आणले आणि मायक्रोसॉफ्टने १९९२ च्या अखेरीस व्हिडिओ फॉर विंडोज आणले, तेव्हा दोन्ही वाटा एकदम धरल्या गेल्या. चित्र १६० बाय १२० ठिपक्यांचे केले, म्हणजे पडद्याचा सोळावा भाग. गती सेकंदाला १५ चित्रांची केली, म्हणजे निम्मी. ओझे इथेच बत्तीस पटींनी उतरले. उरलेले पाच-सहा पट दाबून बसवले की ते त्या १५० किलोबाइटच्या नळातून कसेबसे वाहू लागे. तिकिटाएवढे चित्र कोणाच्या हौसेने आले नव्हते. ते या भागाकाराचे उत्तर होते.

आता या आकड्यांकडे शिक्षकाच्या नजरेने पाहा. सेकंदाला १५० किलोबाइट म्हणजे मिनिटाला ९ मेगाबाइट, म्हणजेच रोमन लिपीतली सुमारे ९० लाख अक्षरे. तीनशे पानांच्या पुस्तकात सहा लाख अक्षरे धरली, तर एका मिनिटाचा व्हिडिओ पंधरा पुस्तकांची जागा खात होता. सीडी तयार करणाऱ्या संपादकापुढे रोज हाच सवाल असे. हे मिनिट पंधरा पुस्तकांच्या तोलाचे आहे का? या गोष्टीत हालचाल असल्याशिवाय कळणार नाही असे काही आहे का? की एक चांगले छायाचित्र आणि दोन परिच्छेद पुरेसे आहेत?

हा प्रश्न विचारायला लावणे, हीच त्या लहानशा खिडकीची पहिली कमाई. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एन्कार्टा ज्ञानकोश आला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या नात्यातल्या एका घरी मी तो पाहिला. हजारो नोंदी, पुष्कळ चित्रे, बरेच आवाज आणि मोजकेच व्हिडिओ. नोंद वाचता वाचता एखाद्या ठिकाणी छोटी खूण दिसे. ती दाबली की खिडकी उघडे, काही सेकंद काहीतरी हले आणि पुन्हा समोर मजकूर. पाहिलेले काय होते, हे कळायला परत वाचावेच लागे. वाचून काय हलणार आहे ते आधी कळलेले असे, म्हणून पाहताना नजर योग्य जागी जाई. व्हिडिओ मजकुराचा नोकर होता आणि नोकरी चोख करत होता.

यावर एक हुशार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये एक लेख लिहून शैक्षणिक साधनांच्या सगळ्या दुकानदारांची झोप उडवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की साधन म्हणजे किराणा पोहोचवणारा ट्रक. ट्रक बदलला म्हणून जेवणाचा कस बदलत नाही. शिकणे घडते ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. तीच पद्धत पुस्तकातून, मास्तरांकडून किंवा फिल्ममधून आली तरी फळ सारखेच. असे असेल तर लहान व्हिडिओ काय आणि मोठा काय, सगळे ट्रकच.

क्लार्क यांच्या या म्हणण्याबद्दल मला आदर आहे. शाळेत नवे यंत्र आले की आता निकाल उंचावणार असे समजणाऱ्या प्रत्येकाला ते वाचायला द्यावे. पण ते एका जागी अडते. काही माल असा असतो की तो एकाच प्रकारच्या गाडीतून येऊ शकतो. ज्या गोष्टीत हालचाल हीच माहिती आहे, ती स्थिर चित्रातून आणायची तर वाटेतच तिचा जीव जातो.

माझ्याच वर्गातले उदाहरण देते. उर्दू नस्तालीक लिपीतला शब्द छापलेला पाहिला तर तो पूर्ण झालेला आकार असतो. कलम कुठे टेकले, कुठून वळले, कुठे दाब वाढला, यातले काहीच छापील आकार सांगत नाही. शब्दाचा सांगाडा आधी लिहितात आणि नुक्ते मागाहून देतात, हेही तो सांगत नाही. मराठीतही हेच आहे. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डावीकडे बसते आणि उच्चार मागून येतो. मुले अक्षरे लिहून घेतात आणि शब्द संपल्यावर वरून शिरोरेघ ओढतात. पुस्तकातली शिरोरेघ मात्र जणू अक्षरांबरोबरच जन्मलेली दिसते. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक तयार झाले, १९९४ मध्ये इनपेज आले आणि उर्दूची सुबक छपाई संगणकावर होऊ लागली. ते फार मोठे काम आहे. पण त्यातून मिळतो तो तयार आकार. हात कसा फिरला हे दाखवायला हात फिरतानाच दाखवावा लागतो. त्यासाठी पडदाभर चित्र नको. तिकिटाएवढ्या खिडकीत दहा सेकंद हात फिरलेला दिसला, तो थांबवता आला आणि पुन्हा पाहता आला, की काम झाले.

असे काम घरगुती सीडीच्याही आधी झालेले आहे. अमेरिकेतला टकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्याने पिळवटून कोसळला, आणि त्याचे चित्रीकरण उपलब्ध होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या भौतिकशास्त्राच्या काही शिक्षकांनी ते लेझर व्हिडिओडिस्कवर घेतले. या डिस्कच्या एका बाजूवर ५४ हजार चित्रे मावत. प्रत्येकाला क्रमांक असे आणि कोणतेही चित्र हवे तितका वेळ स्थिर धरता येई. विद्यार्थी पूल कोसळताना नुसता पाहत नव्हते. एकेक चित्र पुढे सरकवून ते हेलकावा किती सेकंदांचा आहे हे मोजत होते. ती फिल्म सलग दाखवली तर अंगावर काटा येतो. थांबवून दाखवली तर गणित हाती येते. फिल्म तीच, फरक आहे तो लगाम कोणाच्या हाती आहे याचा.

क्लार्क यांना रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ मध्ये उत्तर दिले. टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने जॅस्पर वूडबरी नावाच्या मुलांच्या गोष्टी व्हिडिओडिस्कवर बनवल्या होत्या. या वादात त्यांचा दाखला वारंवार दिला गेला. पहिल्या गोष्टीत जॅस्पर एक जुनी बोट विकत घेतो. तिचे दिवे चालत नाहीत. अंधार पडण्याआधी तो घरी पोहोचेल का, इंधन पुरेल का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून गोष्ट थांबते. अंतर, वेग, टाकीची मर्यादा, इंधनाचा दर हे सगळे गोष्टीत येऊन गेलेले असते. कुठे येऊन गेले हे मुलांनी आठवायचे, तिथे परत जायचे, आकडा उचलायचा आणि गणित मांडायचे. ही डिस्क शाळेसाठी होती, घरासाठी नव्हती. पण घरगुती सीडीकडूनही हेच अपेक्षित होते. व्हिडिओ संपल्यावर काम सुरू झाले पाहिजे.

असे असताना सगळे गाडे 'पूर्ण पडदा, पूर्ण गती' या मागणीकडे का वळले? १९८७ मध्ये मायक्रोसॉफ्टने भरवलेल्या सीडी-रॉम परिषदेत आरसीएच्या सारनॉफ प्रयोगशाळेतल्या लोकांनी एका सीडीवरून ७२ मिनिटांचा पडदाभर व्हिडिओ चालवण्याचे तंत्र दाखवले. त्याचे नाव डीव्हीआय. हे तंत्र पुढे इंटेलने विकत घेतले. या प्रात्यक्षिकाने अनेकांचे डोळे दिपले आणि संगणकाने टीव्हीची बरोबरी करणे हेच ध्येय होऊन बसले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तर 'मल्टिमीडिया पीसी' म्हणवून घेण्याच्या तिसऱ्या पायरीत ३५२ बाय २४० ठिपक्यांचा, सेकंदाला ३० चित्रांचा एमपेग व्हिडिओ चालणे ही अटच झाली. टीव्ही प्रत्येक घरात होताच. संगणकाजवळ जे होते ते टीव्हीजवळ नव्हते. ते म्हणजे पान, शोध आणि थांबण्याची सोय. ती श्रीमंती बाजूला ठेवून टीव्हीची नक्कल करायची, याला प्रगती म्हणायचे का?

या नक्कलेची किंमत सर्वांत आधी खेळ बनवणाऱ्यांनी मोजली. व्हिडिओ आधीच चित्रित करून ठेवावा लागतो. खेळणाऱ्याला दोन वाटा द्यायच्या तर दोन्हींचे चित्रीकरण तयार हवे. दहा वळणे आणि प्रत्येक वळणावर दोन वाटा धरल्या तर १०२४ शेवट होतात. वाटेतले सगळे तुकडे मोजले तर २०४६. एक तुकडा ३० सेकंदांचा धरला तरी सतरा तासांचे चित्रीकरण लागेल. १५० किलोबाइटच्या हिशेबाने त्याला चौदा सीडी लागतील. आणि खेळणाऱ्याला एका वेळी त्यातली पाच मिनिटे दिसतील. एवढे कोण करणार? म्हणून वाटा छाटल्या गेल्या. १९८३ च्या 'ड्रॅगन्स लेअर' या लेझरडिस्कवरच्या खेळात चित्रे फार देखणी होती, पण खेळणाऱ्याने नेमक्या क्षणी दांडी हलवायची, चुकला तर मेला, एवढाच त्याचा अधिकार. १९९५ चा 'फॅन्टॅस्मगोरिया' सात सीडींवर आला. सीडी वाढत गेल्या, पण खेळणाऱ्याचा अधिकार त्या प्रमाणात वाढला नाही.

याउलट १९९३ चा 'मिस्ट' पाहा. रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी तो बनवला. जवळजवळ सगळा खेळ स्थिर चित्रांचा. व्हिडिओ वापरला तो पुस्तकाच्या पानावरच्या एका छोट्या चौकटीत. त्या पुस्तकात एक माणूस अडकलेला आहे आणि तो आपल्याशी बोलू पाहतो. चित्र खरखरीत, आवाज तुटक. खेळणाऱ्याने हरवलेली पाने शोधून आणली की दर पानागणिक तो अधिक स्पष्ट दिसू लागतो. खिडकी लहान का आणि चित्र अस्पष्ट का, याचे उत्तर खेळातच होते. मिस्टच्या साठ लाखांहून जास्त प्रती खपल्या. लहान व्हिडिओ कोणालाच नको होता असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

त्याच वर्षी व्हॉयेजर या प्रकाशनाने बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' हा अख्खा चित्रपट सीडी-रॉमवर आणला. चित्र लहान खिडकीत आणि सोबत पटकथेचा मजकूर. चित्रपटगृहाची मजा त्यात शोधणाऱ्याची निराशाच होणार. पण चित्रपट वाचता येतो, संवादावर बोट ठेवून प्रसंग पुन्हा पाहता येतो, ही गोष्ट चित्रपटगृहात कधीच शक्य नव्हती. त्या लहान चौकटीने चित्रपटाचे पुस्तक केले. मोठा पडदा पुस्तकाचा चित्रपट करतो. मी भाषा शिकवते, तेव्हा यातले कोणते मला हवे हे सांगायला नको.

आपल्याकडे हे तंत्र आले तेव्हा नेमके काय आले, तेही पाहिले पाहिजे. एमपेगच्याच तंत्रावर १९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचे मानक ठरले. पुढे व्हीसीडी भारतातल्या गल्लीगल्लीत पोहोचली. सिनेमे, गाणी, लग्नाचे चित्रीकरण सगळे तिच्यावर. माझ्या नात्यातल्या घरांत संगणकाचे 'मल्टिमीडिया' म्हणजे व्हीसीडी लावण्याची सोय, एवढाच अर्थ होता. चौकट आली, पण तिच्या शेजारचे पान आले नाही. उर्दूत किंवा मराठीत वाचता वाचता उघडणारी ती छोटी खिडकी आमच्या घरांत आम्हाला दिसलीच नाही. त्यामुळे व्हिडिओ म्हणजे बसून पाहायची गोष्ट, ही समजूत आमच्या मनात पहिल्या दिवसापासून पक्की झाली. आज शाळेत पडदा लावताना हीच समजूत कामाला येते.

हा पडदा विकायला येणाऱ्यांजवळ एक हुकमी पान असते. माणूस वाचलेले १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के आणि पाहिले-ऐकलेले दोन्ही असेल तर ५० टक्के. खाली नाव एडगर डेल यांचे. बी.एड. केलेल्या प्रत्येकाने डेल यांचा अनुभव शंकू परीक्षेत काढलेला असतो, त्यामुळे माना डोलतात. डेल यांनी १९४६ मध्ये आपल्या पुस्तकात तो शंकू मांडला, हे खरे. पण त्यात टक्केवारी कुठेच नव्हती. ते आकडे मागाहून कोणीतरी चिकटवले. शंकूही प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंतची मांडणी दाखवतो, कशाने किती लक्षात राहते याचे कोष्टक तो नाही. आणि इतके गोल, दहाच्या पाढ्यात बसणारे आकडे माणसाच्या डोक्यातून निघतील, यावर विश्वास तरी कसा बसतो? आमच्या शाळेत एका कंपनीचा माणूस हे पान दाखवून गेला. आकडे कुठून आले असे मी विचारले, तेव्हा त्याने पुढचे पान काढले.

जे काळजीपूर्वक तपासले गेले आहे ते वेगळेच सांगते. बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हलत्या चित्रांवरच्या अभ्यासांची उलटतपासणी केली. जिथे हलते चित्र सरस ठरल्याचे सांगितले होते, तिथे बरेचदा त्या चित्रातून स्थिर चित्रापेक्षा जास्त माहितीच दिलेली होती. म्हणजे तुलना सारख्याची नव्हती. हलते चित्र पुष्कळदा इतके गुंतागुंतीचे किंवा इतके जलद असते की नजरेला ते नीट पकडताच येत नाही. पाहणाऱ्याला थांबवण्याची, पुन्हा पाहण्याची मुभा दिली तर ही अडचण कमी होऊ शकते, असेही त्यांनी मांडले. तिकिटाएवढ्या खिडकीखाली जी छोटी पट्टी आणि थांबण्याची खूण होती, तिचे मोल इथे कळते.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येते. माझे सहकारी म्हणतात, "मॅडम, तुमचे सगळे बरोबर, पण आपल्या मुलांना वाचता कुठे येते? घरात बोलतात ती दखनी नाहीतर कोकणी, पुस्तकाची उर्दू वेगळी, मराठी आणखी वेगळी. त्यांना निदान पाहू तरी द्या." हा आक्षेप कळकळीतून येतो. या मुलांसाठी ऐकलेला शब्द आणि पाहिलेली गोष्ट हा मोठा आधार आहे, हे मी रोज पाहते. पण म्हणूनच मजकुराशेजारची लहान खिडकी सर्वांत जास्त गरजेची आहे ती याच मुलांना. चाळीस मिनिटे पडद्यावर धडा चालला की वाचनाची गरजच संपते. ज्याला वाचता येत होते त्याचे फारसे बिघडत नाही, ज्याला येत नव्हते तो आणखी एक वर्ष न वाचता पुढच्या वर्गात जातो. वाचता येत नाही म्हणून वाचायलाच लावायचे नाही, हा इलाज दुखण्यापेक्षा वाईट आहे. तेच चित्र अर्ध्या मिनिटाचे असले, आधी दोन ओळी वाचल्याशिवाय कळत नसले आणि नंतर दोन ओळी लिहायला लावत असले, तर तेच वाचनाची पायरी होते.

यावर कोणी म्हणेल, तेव्हाची लहान खिडकी मजबुरीची होती, तिचे गुणगान कशाला? मजबुरी होती, हे मान्य. गरिबीची स्तुती करायचा माझा विचार नाही. आज जागा स्वस्त आहे, चित्र स्वच्छ आहे, याचा मला आनंदच आहे. पण मजबुरीने जो प्रश्न विचारायला लावला तो प्रश्न मजबुरीबरोबर जायला नको होता. पूर्वी सीडी विचारत असे, हे मिनिट पंधरा पुस्तकांच्या तोलाचे आहे का? आता कोणी विचारत नाही, म्हणून शिक्षकानेच विचारायला हवे. किंमत आजही लागतेच. पूर्वी ती मेगाबाइटमध्ये मोजली जाई, आता मुलाच्या लक्षाच्या मिनिटांत मोजावी लागते. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत ही मिनिटे काही स्वस्त झालेली नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शाळेसाठी पडदा आणि धड्यांचे व्हिडिओ विकत घेण्याआधी संचालक मंडळाने विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, या व्हिडिओत असे काय हलते आहे जे हलल्याशिवाय कळणार नाही? दुसरी, मुलाला तो स्वतः थांबवून, मागे नेऊन पाहता येईल का, की रिमोट फक्त मास्तरांच्या खिशात राहील? तिसरी, व्हिडिओ संपल्यावर मुलाने वाचायचे किंवा लिहायचे नेमके काय आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली तर जरूर घ्यावा, आकार कोणताही असो. उत्तर म्हणून टक्क्यांचे पान पुढे आले तर पैसे राखून ठेवावेत आणि त्यातून उर्दू-मराठीची गोष्टींची पुस्तके आणि लिहायला चांगल्या वह्या घ्याव्यात.